पॅड बदलले, ब्रेक तसाच: जुन्या गाडीच्या डिस्क पाइपची गोष्ट

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दोनची वेळ, नागपूरचा वर्धा रोड, छत्रपती चौकाचा सिग्नल लाल झाला. मी पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबला आणि तो ओल्या स्पंजासारखा आत आत जात जवळजवळ मुठीला टेकला. गाडी थांबली, पण पुढच्या ऑटोपासून वीतभरावर. ऑटोवाल्याने आरशातून जो लुक दिला तो अजून आठवतो.

गाडी २००७ ची, १५० सीसी, आधी बाबांची, आता माझी. त्याच संध्याकाळी घराजवळच्या गॅरेजात नेली. त्यांनी पॅड बदलले. फरक शून्य. दोन दिवसांनी त्यांनीच हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीत थोडं ऑइल ओतलं. तरी शून्य. शेवटी सक्करदऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. मला म्हणाले, लिव्हर जोरात दाबून धर. आणि स्वतः दोन बोटांत हँडलवरून खाली पुढच्या ब्रेककडे जाणारा काळा रबरी पाइप धरून उभे राहिले. मी सोडला, पुन्हा दाबला. काका हसले.

"पाइप फुगून राहिला ना बाप्पा. कधी बदलला होता?"

पाइपसुद्धा बदलायचा असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घरातल्या गॅसची नारिंगी नळी आपण पाच वर्षांनी बदलतो. ती फाटलेली नसते, पण तिच्यावर तारीख छापलेली असते आणि घरात कोणीतरी ती लक्षात ठेवतं. ब्रेकचा पाइप त्याच जातीचा. तो किलोमीटरवर नाही, वयावर म्हातारा होतो. कित्येक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये दर चार वर्षांनी पाइप आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदला, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आपल्याकडे १९९९ च्या सीबीझेडने आणि २००१ मध्ये आलेल्या पल्सरने डिस्क ब्रेक गल्लीगल्लीत नेला. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतल्या कितीतरी गाड्या आज मूळ पाइपवरच धावताहेत. चालतंय ना, मग कशाला हात लावा!

आता हा पाइप नेमकं करतो काय?

लिव्हर दाबला की हँडलवरच्या मास्टर सिलेंडरमधला छोटा पिस्टन ऑइल ढकलतो. ते ऑइल पाइपातून खाली कॅलिपरमधल्या (डिस्कला धरणाऱ्या चिमट्यातल्या) मोठ्या पिस्टनला ढकलतं आणि पिस्टन पॅडला डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर दाबतो. पातळ पदार्थ दाबला तर तो आकसत नाही, दाब सगळीकडे सारखा पोहोचवतो. हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो. हिशेब करून बघितला की त्यातली गंमत कळते. धरा की बोटांचा जोर ५ किलोचा आहे. लिव्हरच्या तरफेने तो साधारण सहापट होतो, म्हणजे मास्टरच्या पिस्टनवर ३० किलो. मास्टरचा पिस्टन १२.७ मिलिमीटर व्यासाचा आणि कॅलिपरचा ३२ मिलिमीटरचा धरला, तर दोघांच्या क्षेत्रफळात सव्वासहापटीहून जरा जास्त फरक पडतो. म्हणजे पॅडवर १९० किलोचा भार! दोन बोटांनी दाबून. त्या वेळी पाइपमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला २४ किलोच्या आसपास असतो, तुमच्या टायरमधल्या हवेच्या साधारण बारापट. आणि हा हलका ब्रेक झाला. कुत्रं आडवं आल्यावर जो दाबतो तो वेगळा.

पण फुकट काही मिळत नाही. जोर सहापट वाढला तर अंतर तेवढंच कमी होतं. मास्टरचा पिस्टन सहा मिलिमीटरहून जास्त सरकतो तेव्हा कुठे कॅलिपरचा एक मिलिमीटर हलतो. पूर्ण लिव्हर दाबल्यावर सगळं मिळून सव्वा मिलिलिटरच्या आसपास ऑइल पुढे जातं. खोकल्याच्या औषधाच्या चमच्याचा चौथा हिस्सा. एवढ्याशा ऑइलवर सगळा कारभार. त्यातलं थोडंसं पाइप फुगण्यात खर्च झालं, तर पॅडपर्यंत काय पोहोचणार?

हवेचंही तेच. नागपुरात ज्याने कूलर लावलाय त्याला हे समजावायला नको. कूलरच्या पंपाच्या नळीत हवा अडकली की पंप घुर्र घुर्र करतो आणि पाणी वर चढत नाही, मग आपण नळी झटकतो, तोंडाने ओढतो. ब्रेकमध्ये अर्धा मिलिलिटर हवा, म्हणजे दहाएक थेंबांच्या जागेएवढी, राहिली तरी दाबल्यावर ती आकसून जवळजवळ नाहीशी होते. सव्वातला अर्धा गेला. लिव्हर मुठीला टेकला.

मग माझा पाइप का फुगला? ऊन हे एक कारण. रबराला ऊन, हवेतला ओझोन आणि सततचं वाकणं, तिन्ही मारतात. गच्चीवरची कूलरची नळी दोन उन्हाळ्यांत कशी काडीसारखी कडक होते, ते आठवा. पाइपच्या आत रबराची नळी असते, तिच्यावर धाग्यांची जाळी, आणि वर पुन्हा रबर. जाळी सैल पडली की पाइप फुगायला लागतो. बाहेरचं रबर मात्र चकाचक दिसू शकतं, पॉलिश मारलेलं असेल तर जास्तच.

बरेच जण म्हणतात, नागपूरच्या उन्हाने ब्रेक ऑइल उकळतं. ते खरं नाही. आपला पारा ४७ ला गेला तरी ब्रेक ऑइलच्या दृष्टीने तो थंडावाच. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत आणि डॉट ४ चं २३० पर्यंत तग धरतं. घात करतो तो पावसाळा. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, रबरातूनसुद्धा. वजनाने ३.७ टक्के पाणी मिसळलं की डॉट ३ ची किमान मर्यादा १४० वर आणि डॉट ४ ची १५५ वर येते. मग चिखलदऱ्याचा घाट उतरताना सलग ब्रेक धरला, डिस्क तापली, कॅलिपरपाशी वाफ झाली की लिव्हर एकदम पोकळ. खाली उतरून अर्धा तास थांबलात की ब्रेक पुन्हा ठीक, आणि मिस्त्री म्हणतो, काही दोष नाही!

पाइपचा दुसरा एक रोग याच्या उलटा आहे, आणि तो जास्त फसवतो. आतलं रबर सुजून भोक बारीक होतं. लिव्हर दाबला की ऑइल जोराने पुढे जातं, सोडल्यावर मात्र परत यायला त्याच्यामागे जोर नसतो. ब्रेक धरूनच राहतो, चाक जड फिरतं, डिस्क तापते, आणि लोक कॅलिपरचं किट बदलत बसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. ब्रेक अडकलेला असताना वरचा, मास्टरकडचा पाइपचा बोल्ट फडकं धरून जरासा ढिला करा. चाक मोकळं झालं तर दोष मास्टरमध्ये. झालं नाही, आणि मग कॅलिपरची निप्पल (हवा आणि ऑइल बाहेर काढायची छोटी तोटी) उघडल्यावर झालं, तर पाइप तुंबलाय. तिथेही मोकळं नाही झालं तर कॅलिपरचा पिस्टनच जाम आहे.

लिव्हरची भाषा शिकली तर अर्धं निदान बोटांनीच होतं. दोन-तीनदा पंप केल्यावर लिव्हर वर आणि कडक येत असेल तर बहुधा आत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू बुडत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टरचा सील गेलाय. प्रत्येक वेळी सारखाच मऊ लागत असेल, आणि पाइपला बोट लावल्यावर तो फुगलेला जाणवत असेल, तर माझी केस.

ज्यांची गाडी आरएक्स १०० किंवा जुनी स्प्लेंडर आहे त्यांनी इथे थांबायला हरकत नाही. ड्रम ब्रेकला पाइप नसतो, वायर असते. तिचं टोक विंचरलेलं दिसलं की बदला, संपलं. आणि ज्यांची एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची गाडी आहे (१२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून ते सक्तीचं झालं) त्यांनी पाइप बदलायचा उद्योग घरी करू नये. एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर ती साध्या पद्धतीने निघेलच असं नाही.

आता सामान. दुकानात "डिस्क पाइप" मागा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगून. जुना पाइप सोबत नेता आला तर उत्तम, कारण त्याच गाडीच्या दोन सालांत टोकाचा कोन वेगळा निघतो. पाइपच्या दोन्ही टोकांना गोल डोळा असतो, त्यातून पोकळ बोल्ट जातो आणि डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वॉशर बसतो. म्हणजे चार नवे वॉशर, तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे, जसे मूळ असतील तसे. ऑइलची सीलबंद बाटली. आणि मत्स्यालयाच्या दुकानातून हातभर पारदर्शक नळी.

ऑइल कुठलं ते मास्टरच्या झाकणावर कोरलेलं असतं. डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच कुळातली आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, पूर्ण वेगळं. आकडे असे ठेवण्याची अक्कल कोणाची, देव जाणे. ५ आणि ५.१ शेजारी ठेवल्यावर माणूस फसणारच. दोन्ही एकत्र करू नका. मागच्या वर्षीची अर्धी उघडी बाटलीही वापरू नका, तिने एक पावसाळा पिऊन झालेला असतो.

स्टीलच्या जाळीचा पाइप घ्यावा का, असं हमखास विचारतात. त्याच्या आत टेफ्लॉनची नळी असते, वर स्टीलची वीण, त्यामुळे तो फारच कमी फुगतो आणि लिव्हर कडक लागतो. पण ब्रेकचा एकूण जोर त्याने वाढत नाही, तो पॅड, डिस्क आणि टायर ठरवतात. शिवाय उघडी जाळी टाकीच्या रंगावर कानशीसारखी चालते. रोज ऑफिसला जायच्या गाडीला मूळ रबरी पाइप पुरेसा आहे, असं माझं मत. मी तोच घातला.

काकांनी काम त्यांच्या देखरेखीत मलाच करायला लावलं. सकाळी सात वाजता, कारण दहानंतर त्यांच्या टपरीसमोर डांबर चपलेला चिकटतं. आधी मोबाइलवर फोटो काढले, पाइप कुठून जातो, कुठल्या क्लिपमध्ये बसतो. मग टाकीवर आणि पुढच्या मडगार्डवर ओलं फडकं. ब्रेक ऑइल रंग खातं. थेंब पडला तर पुसत बसायचं नाही, भरपूर पाणी ओतायचं.

पहिलाच अडथळा मास्टरच्या झाकणाच्या दोन स्क्रूंचा. अठरा वर्षं तिथेच गंजलेले, मऊ धातूचे, फुलीच्या डोक्याचे. मी स्क्रू ड्रायव्हर लावून जोर दिला आणि पहिल्याची फुली गुळगुळीत झाली. काका काही बोलले नाहीत, माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. दुसऱ्या स्क्रूवर तो उभा धरला, डोक्यावर हातोडीचे दोन छोटे, कोरडे ठोके दिले, आणि मग वरून अंगाचा भार टाकत फिरवला. टक्. सुटला. ठोक्याने आट्यांतला गंज तुटतो आणि टोक फुलीत घट्ट बसतं. मी बिघडवलेल्याला बारीक छिन्नी तिरकी लावून फिरवावं लागलं.

झाकण उघडल्यावर आतलं ऑइल दिसलं. नवं असतं फिकट, लिंबाच्या सरबतासारखं. हे होतं उकळलेल्या चहासारखं, आणि तळाला काळा गाळ. सिरिंजने ते काढलं. मग पाइपचे दोन्ही बोल्ट गाडीवरच ढिले केले. कॅलिपर आधी उतरवला तर तो हातात फिरत बसतो, बोल्ट सुटत नाही. पाइप निघाल्यावर डोळ्याच्या दोन्ही बाजूंचे जुने वॉशर नीट मोजून काढा. एखादा कॅलिपरलाच चिकटून राहतो, त्यावर नवा बसवला की गळती पक्की.

वॉशर नवेच का? ते दाबाखाली किंचित चेपून, पृष्ठभागाच्या बारीक ओरखड्यांत शिरून सील करतात. एकदा चेपला की तांबं कडक होतं, पुन्हा तसं चेपत नाही. जुने मिस्त्री तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून मऊ करतात. ते विज्ञानाला धरूनच आहे, पण नवा मिळत असताना कशाला?

इथे एक इशारा. बऱ्याच ठिकाणी कॅलिपर आणि सील पेट्रोलने धुतात. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं, पेट्रोल, डिझेल, ग्रीस लागलं की ते सुजतं. कॅलिपरचा धातू धुवायचा तर ब्रेक क्लीनरने, सील पुसायचे तर ताज्या ब्रेक ऑइलने.

नवा पाइप बसवताना बोल्ट आधी हाताने चढवा, सगळ्या क्लिपांत पाइप अडकवा, मग आवळा. पाइपवर लांबीने एक रेघ किंवा अक्षरांची ओळ छापलेली असते. ती ओळ सापासारखी गुंडाळलेली दिसली तर पाइपला पीळ पडलाय, सोडून पुन्हा लावा. कॅलिपरवर डोळ्याशेजारी एक छोटा उंचवटा असतो, डोळा त्याला टेकून बसला पाहिजे, नाहीतर आवळताना तो बोल्टबरोबर फिरतो. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी, फोर्क (पुढचे शॉकअप) पूर्ण लांब. नंतर खाली घेऊन फोर्क दाबून. कुठेही पाइप ताणला जाऊ नये, टायरला किंवा डिस्कला घासू नये.

आवळायचं किती? तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा खरा. या आकाराच्या बोल्टला तो बहुतेक वेळा २० ते ३५ न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क पाना नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून फक्त एवढं करून घ्या. बोल्ट आतून पोकळ असतो. "अजून थोडा" म्हणत लांब पान्याने आवळलेला बोल्ट मानेतून तुटलेला काकांनी मला दाखवला, त्यांनी तो खिळ्याला टांगून ठेवलाय.

इथवर चाळीस मिनिटं झाली होती. मला वाटलं संपलं. काकांनी चहा मागवला, तेव्हा कळलं की आता सुरुवात आहे.

नवा पाइप म्हणजे मीटरभर लांबीची हवेने भरलेली नळी. तिच्यात जेमतेम आठ मिलिलिटर ऑइल मावतं, पण ते वरून खाली जायला तयार नसतं, कारण हवेला वर यायचं असतं. म्हणून काकांनी सिरिंजमध्ये ताजं ऑइल भरलं, पारदर्शक नळीने कॅलिपरच्या निप्पलला जोडलं, निप्पल अर्धा आटा उघडली आणि खालून हळूहळू ढकललं. वरच्या डबीत बुडबुड बुडबुड. हवा ज्या दिशेने जायला निघाली होती त्याच दिशेने तिला ढकललं, एवढंच. डबी भरून ऊतू जाऊ नये म्हणून मी वर सिरिंज घेऊन उभा.

त्यानंतर नेहमीची पद्धत. नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं. लिव्हर दाबून धरायचा, निप्पल उघडायची, ऑइल आणि बुडबुडे निघतात, लिव्हर खाली जातो. निप्पल बंद करायची, *मगच* लिव्हर सोडायचा. क्रम चुकला की बाटलीकडची हवा उलटी आत. डबीतली पातळी सतत बघायची, ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. काढलेलं ऑइल परत डबीत ओतायचं नाही.

माझ्याकडून वीस-पंचवीस वेळा करून झालं तरी नळीत बारीक बुडबुडे येतच होते. मी हैराण. काकांनी निप्पलच्या आट्यांकडे बोट दाखवलं. निप्पल ढिली असताना आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा नळीत ओढली जाते. ती कॅलिपरच्या आतली नव्हेच. निप्पल थोडी कमी उघडल्यावर बुडबुडे थांबले. कित्येक जण याच बुडबुड्यांमागे अख्खी बाटली संपवतात.

तरी लिव्हर शंभर टक्के कडक नव्हता. हवेचा शेवटचा कण हँडलजवळच्या बोल्टच्या डोळ्यात, पाइपच्या सगळ्यात उंच जागी बसतो. काकांनी हँडल डावीकडे वळवून मास्टर सगळ्यात उंच आणला, लिव्हर नुसता पाव इंच, पटपट हलवला. डबीत मोहरीएवढे दोन-तीन बुडबुडे आले. मग जुन्या ट्यूबच्या पट्टीने लिव्हर मुठीला बांधला. "रातभर राहू दे, सकाळी सोड." दाबामुळे बुडबुडे आणखी बारीक होतात, सुटतात, वर सरकतात, आणि लिव्हर सोडल्यावर डबीत निघून जातात.

सकाळी पट्टी सोडली. दोन बोटांनी दाबला. लिव्हर अर्ध्यावर येऊन दगडासारखा थांबला.

लगेच रस्त्यावर नाही गेलो. पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरला, लिव्हर बुडला नाही. दोन्ही बोल्टांना पांढरा टिश्यू लावून बघितला, कोरडा. मग गल्लीतच, चालण्याच्या वेगाने, मागचा ब्रेक तयार ठेवून पाच-सहा वेळा. मग कुठे रिंगरोड. आठवड्यानंतर पुन्हा टिश्यू.

जुनं ऑइल नालीत नाही ओतलं, काकांच्या जळक्या ऑइलच्या कॅनशेजारी वेगळ्या बाटलीत ठेवलं. जुना पाइप घरी आणून हॅक्सॉने कापला. एका टोकाजवळ, धातूच्या टोपीच्या आत, रबर बोटाने चोळल्यावर काळ्या भुकटीसारखं सुटत होतं. बाहेरून तिथेच तो सगळ्यात नवा दिसत होता. सीटखालच्या आरसी बुकच्या पिशवीत आता एक चिठ्ठी आहे: पाइप आणि ऑइल, महिना, वर्ष. मागच्या चाकाचा पाइप नाही, तिथे ड्रम आहे.